सिंदफणेकाठी गिअरबॉक्स

माणसं तीर्थाला जातात, लेकीकडे जातात, फार तर महाबळेश्वरला जातात. मी गेल्या वर्षी वैशाखात शिरूर कासारला गेले, तेही चारा घेऊन. आठ दिवसांसाठी गेलेली सतरा दिवसांनी परतले, आणि गाडी तिथेच ठेवून एसटीने आले. "कशी झाली सहल?" असं गावात ज्याने त्याने विचारलं. दारात उभ्या उभ्या सांगून संपणारी ती गोष्ट नव्हती, म्हणून आता सवडीने लिहिते आहे.

मी गडहिंग्लजकडची. गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव आहे, आणि गाडी चालवते. आमच्या शेतात ऊस तोडायला आठ हंगाम एकच जोडपं येतंय, शहादेव आणि गयाबाई. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांच्याकडचा हिशेब. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. दिवाळी झाली की बांधाला त्यांची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहते आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला मोडते. एवढीच आमची ओळख. आठ वर्षांत ती दोघं कधी आमच्या सोप्यात, म्हणजे घरातल्या पुढच्या बैठकीत, येऊन बसली नव्हती. आम्ही बोलावलंही नव्हतं, हे आधीच कबूल करते.

त्या वर्षी गयाबाईचा फोन आला. पाऊस दोन वर्षं रुसलेला. त्यांच्या गावच्या दूध संस्थेने नदीपलीकडे जनावरांची छावणी घातलेली, आणि चारा संपत आलेला. "ताई, तुमच्याकडं वाढं सडून जातं बगा. तेवढंच हिकडं आलं तर लई बरं व्हईल." आमच्याकडे उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, म्हैससुद्धा नाक मुरडते. संस्थेच्या बैठकीत विषय मांडला, पाच मिनिटांत मंजूर झाला, आणि एक ट्रक भरून चारा निघाला. पण ट्रक नदीची वाळू ओलांडणार नव्हता. त्यासाठी आमची पिकअप हवी होती.

पिकअप म्हणजे मुळात जुनी जीप. आमच्या यजमानांनी ती मागून कापली, हौदा जोडला आणि गिअरबॉक्स स्वतःच्या हाताने बांधला. चारी चाकांना जोर देता येतो, म्हणून पाऊस झाला की अर्ध्या गावाचा ऊस आणि सगळ्या गावाची वरात तीच चिखलातून ओढते. यजमानांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून मी निघाले. निरोप देताना त्यांनी माझ्या तब्येतीविषयी चकार शब्द काढला नाही. "गाडीला जप," एवढंच म्हणाले.

नदीपलीकडे

शिरूर मागे पडलं आणि डांबर संपलं. समोर खड्ड्यांचा, मुरमाचा रस्ता दिसला. आमच्याकडे रस्ता बिघडला की फोर-व्हीलचा धाकटा दांडा पुढे लोटायचा, ही वीस वर्षांची सवय. मी तो लोटला आणि विसरले.

सिंदफणेचं पात्र म्हणजे नुसती वाळू. ट्रक अलीकडच्या काठावर थांबला. पलीकडे तीनशे पावलांवर पुन्हा कडक जमीन, मग दगडाळ चढ, आणि वर लिंबाच्या सावलीत अडीचशे जनावरं बांधलेली. सगळी जनावरं एकदम माझ्या गाडीकडे बघू लागली. असं स्वागत मला माहेरीसुद्धा झालेलं नाही.

गयाबाईने घरी नेऊन गूळ आणि पेलाभर पाणी दिलं. मी प्याले, तळाशी राहिलेलं पाणी खळखळवलं आणि अंगणात फेकलं. आमच्याकडे सगळे तसंच करतात. अंगणातली सगळी माणसं त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. जेवणं झाल्यावर पाहिलं तर ताटं राखेने घासून कोरडी पुसली जात होती, आणि हात धुतल्याचं पाणी तेवढं एका लोखंडी पाटीत वासरासाठी जमा होत होतं. मला तो ओला डाग दोन दिवस अंगणात दिसत राहिला, खरं तर तो पाच मिनिटांत वाळला असणार.

जेवण मात्र असं होतं की विचारू नका. बाजरीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, पाण्यात सोडलं की झाली आमटी. भाजी नसलेल्या मुलखाने शोधलेली ही युक्ती आहे आणि ती आमच्या रश्श्याच्या थोबाडीत मारते. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. गयाबाई म्हणाली, "पाव्हण्यांनी लाजू न्हाई." मी कुठे लाजत होते.

आता अडचण कशी झाली ती सांगते. छावणीचं पाणी आधी एका ट्रॅक्टरवरून येत असे. टँकर अलीकडच्या काठावर येई, तिथून ट्रॅक्टर टाकी भरून पलीकडे नेई. माझी पिकअप आठ दिवस असणार म्हटल्यावर संस्थेने तो ट्रॅक्टर शेजारच्या गावच्या छावणीला देऊन टाकला. म्हणजे अडीचशे जनावरांची तहान आमच्या यजमानांच्या गिअरबॉक्सवर आली. मी पहिले तीन दिवस मोठ्या तोऱ्यात खेपा केल्या, दिवसाला दहा-दहा.

चौथ्या दिवशी माझी कंबर धरली. शहादेवला मुकादमाच्या ट्रॅक्टरची सवय होती, म्हणून त्याला चावी दिली. दुसऱ्याच खेपेला चढावर, भरल्या टाकीसकट, गाडीतून कडाड् असा आवाज आला. मग दळण दळल्यासारखं काहीतरी फिरलं आणि गाडी थांबली. खालून काळं तेल मुरमात उतरत होतं.

मी धावत गेले आणि सगळ्या छावणीसमोर शहादेवला बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. "जीपला ट्रॅक्टर समजलास काय?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तो पन्नाशीचा माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला. "चुकलं ताई," म्हणाला.

ट्रॅक्टर परत मागवा, असं मी सुचवलं. शहादेव मान खाली घालूनच म्हणाला, "दिलेलं कसं मागायचं? तिथंबी जनावरंच हायेत." त्यानेच मग बैलगाडीवर दोन पिंपं बांधली आणि तापत्या वाळूतून बैल हाकत नेले. तेवढं पाणी वासरांना आणि आजारी जनावरांना पुरलं असतं, तेही बैल टिकले तर. बाकीच्यांना दिवसातून एकदा नदी ओलांडून टँकरच्या पाण्यावर न्यायचं ठरलं. पहिल्याच दिवशी एक म्हातारी गाय वाळूत बसली ती चौघांनी शेपटी धरून उठवली.

नांदूरघाटचा मामा

"मपला मामा मिस्त्री हाय. नांदूरघाटला," गयाबाई म्हणाली. "ट्रॅक्टर, इंजिन, पिठाची गिरणी, समदं करतो. बोलायला तेवढा कडू हाय."

बंकटमामा दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने आले. हाडकुळे, सत्तरीचे, हत्यारं खताच्या पोत्यात. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हौदा कुणी जोडला?" म्हणाले. मी अभिमानाने सांगितलं. "सुतार हायेत का?" त्यांनी विचारलं. हे मी घरी सांगितलेलं नाही.

जॅक नव्हता, खड्डा नव्हता. मामांनी ओढ्याच्या एका खोल चराच्या दोन्ही बाजूंना चाकं येतील अशी गाडी ढकलायला लावली, म्हणजे चरात उतरून खालून काम करता येईल. गाडीच्या पोटातला गिअरबॉक्स मणभर वजनाचा, त्याला मागून चिकटलेली फोर-व्हीलची पेटी वेगळीच. तो खाली सोडायचा कसा? मामा म्हणाले, "जू आणा."

बैलगाडीचं जू आणलं. गयाबाईने आधी त्याला हात लावून नमस्कार केला. आत केबिनमधला पत्रा काढून जू दोन्ही दरवाजांतून आडवं घातलं, दोन बाजूंना दोन माणसांनी खांद्यावर घेतलं, आणि जुवाला बांधलेल्या चऱ्हाटावर गिअरबॉक्स तोलून हळूहळू चरात उतरवला. मी आयुष्यात अनेक गॅरेजं पाहिली, पण असली सोय कुठे पाहिली नव्हती.

मामांनी झाकण काढलं. दोन चक्रांचे दात गेलेले, आणि एका तुटक्या दाताने कवच आतून फोडलेलं. त्यांनी टायरवरून हात फिरवला. चारही टायर खरवडल्यासारखे झाले होते. मग केबिनमध्ये डोकावून धाकट्या दांड्याकडे बघत त्यांनी विचारलं, "फोर-व्हील कवापासून लावून ठिवलंय?"

"आल्यापासून," मी म्हणाले.

"वाळूत लावायचं, वाळू संपली की काढायचं," मामा म्हणाले. "चिखलात चाक घसरतं, जोर सुटतो. हितल्या कडक भुईवर चाक घसरत न्हाई. मग पुढची चाकं येगळी वढतेत, मागची येगळी, आन् समदा ताण मधी. चार दिवस टिकला, ह्येच नवल. बांधणारा गडी चांगला हाय."

शेवटचं वाक्य मी यजमानांना ताबडतोब कळवलं. आधीची मात्र कळवली नाहीत. आमच्या मुलखात खराब रस्ता म्हणजे चिखल. इथे खराब रस्ता म्हणजे दगड. हे माझ्या वीस वर्षांच्या हुशारीला सुचलंच नव्हतं. आणि शहादेव दहा हातांवर उभा राहून सगळं ऐकत होता. तो वळून बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

संध्याकाळी माझे हात कोपरापर्यंत काळ्या तेलाने माखलेले. मी मातीने खरवडत बसले होते. गयाबाई पितळी तपेलं घेऊन आली. गरम पाणी, भरलेलं.

"एवढं नको गं," मी म्हणाले.

"तेल गार पाण्यानं निघत न्हाई, ताई." तिने माझ्या हातांवर धार धरली. खाली पाटी ठेवायला ती विसरली नव्हती, पण त्या तेलकट पाण्याचा कुणालाच उपयोग नव्हता, हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. मला रडू आलं. मी म्हणाले, "गयाबाई, मोडलं ते माझ्याच्यानं. मी उगाच त्याला बोलले."

"ठावं हाय," ती म्हणाली. "दांडा पुढं हाय, ह्ये त्येनी पयल्याच दिशी बघितलं व्हतं. मला म्हणलेबी."

"मग मला कावून नाही सांगितलं?" 'का'साठी तिच्याकडचाच शब्द माझ्या तोंडी आला.

ती धार धरूनच होती. "गाडी तुमची. उसाच्या फडावर मालकाला कोण सांगतंय, ताई? आमाला ती सवयच न्हाई."

आठ हंगाम तो माणूस माझ्या शेतात काय काय बघून गप्प बसला असेल, याचा मी ती रात्रभर विचार केला.

परळी

मामांच्या मेव्हण्याची एक जुनी जीप परळीला पडून होती. मामा इकडे मोडकं उघडत बसणार होते, म्हणून तिचा गिअरबॉक्स आणायला मी आणि गयाबाई निघालो. परळीत वैजनाथाचं दर्शन आम्ही कळसाचं घेतलं, बसस्टँडवरून. थर्मल वीजकेंद्राच्या राखेने झाडांची पानं करडी झालेली. मेव्हणे राखेचा व्यापार करणारे, अंगावरही तेवढीच राख. जीपचं नाव काढताच ते हसले. "न्या की. पाऊस पडल्यावर सांगा, तवर आमालाबी गाडी लागत न्हाई." आणि आम्हाला बसवून पोहे खाऊ घातले.

गिअरबॉक्स त्यांनी काढून ठेवला होता. गयाबाईने डोक्यावर चुंबळ ठेवली, मेव्हण्यांना म्हणाली "हात लावा," आणि ते मणभर लोखंड घेऊन बसस्टँडकडे चालायला लागली. मी मागून दोघींच्या पिशव्या घेऊन धापा टाकत होते. बसमध्ये तिने तो गोधडीत गुंडाळून पायाशी ठेवला. कंडक्टरने विचारलं, "ह्ये काय हाय?"

"गिअरबॉक्स," मी म्हणाले.

त्याने गोधडी उचलून पाहिली. "गाडी बंद पडली म्हणून बसनं चाललाव का?"

"हो."

"आन् ही बंद पडली तर?" त्याने सामानाचं तिकीट फाडलं आणि स्वतःच हसत पुढे गेला. सगळी बस हसली. गाडी मोडल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

ते हसू मामांनी संध्याकाळी पुसलं. "ही दोन चाकी जीपची पेटी," ते म्हणाले. "मागं दांडी लांब हाय. फोर-व्हीलची पेटी ह्येला बसतच न्हाई." नदीकडून जनावरं परत येत होती. त्या दिवशी दोन गायी वाळूत बसल्या होत्या.

मामांनी विडी पेटवली आणि दोन्ही गिअरबॉक्स शेजारी शेजारी गोणपाटावर मांडून बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "तुमच्या पेटीची मागची दांडी साबूत हाय. ह्येचं कवच आन् दात साबूत हायेत. दोन्हीचा एक करू."

"बसेल?"

"माणसं बसतेत, मग लोखंड कावून बसणार न्हाई?"

गयाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आमी दोघं मिळून एक कोयता, तसं."

जू

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत दोन्हीचा एक झाला. आता तो वर चढवायचा होता. उतरवणं सोपं, चढवणं कठीण. गिअरबॉक्सच्या तोंडाची दांडी क्लचच्या प्लेटमधल्या खाचांमध्ये नेमकी शिरावी लागते. केसभर वाकडी असली तरी शिरत नाही. छावणीतले दोन तगडे गडी जुवाखाली उभे राहिले. एक उचले तेव्हा दुसरा थांबे. पेटी झोके खाऊ लागली. तिसऱ्या वेळी ती मामांच्या कानाजवळून गेली. चरातून आवाज आला, "व्हा बे बाजूला, बैलं बरी तुमच्यापरीस."

मग शहादेव आला. मी बोलल्यापासून तो गाडीकडे फिरकला नव्हता. त्याने एका बाजूचं जू खांद्यावर घेतलं, आणि कुणी काही सांगायच्या आत गयाबाईने पदर खोचून दुसरी बाजू घेतली. ऊस भरताना मी त्यांना शंभर वेळा पाहिलं असेल. तो मोळी उचलतो, ती डोकं खाली घालते, आणि मोळी वाटेत कुठेही न थांबता तिच्या डोक्यावर जाते. मी तेव्हा फक्त ट्रक कधी भरतो ते बघत असे.

"हं," शहादेव म्हणाला. दोघंही एकदम उठली.

चरातून मामा सांगत होते, "गया, एक बोट वर. शहादेव, हाय तसाच. आता पुढं, दोघंबी. हळू." दोघांचे गुडघे एकाच वेळी वाकत, एकाच वेळी सरळ होत. एकमेकांकडे बघतही नव्हती. मामांनी पेटी किंचित फिरवली, आणि आतून खट् असा बारीक आवाज आला.

"बसला," मामा म्हणाले.

मी मामांना चरातून वर ओढलं आणि त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "अजून चालू व्हायची हाय."

चालू झाली. दुसरा गिअर जरा कुरकुरत होता, पण कामचुकार नव्हता. मी चावी शहादेवच्या हातात दिली आणि गाडीभोवती जमलेल्या माणसांसमोर, ज्यांच्यादेखत त्याला बोलले होते त्यांच्याचसमोर, म्हणाले, "गाडी माझ्या चुकीनं मोडली. यानं नाही. मला माफ कर, शहादेव." तो असा ओशाळला की टोपी पुन्हा हातात आली. "जाऊ द्या ताई. जनावरं तानलीत," म्हणाला आणि गेला. टाकी घेऊन परत आला तेव्हा धाकट्या दांड्याला एक लाल चिंधी बांधलेली होती. वाळू आली की सोडायची, वाळू संपली की पुन्हा बांधायची, म्हणजे विसरायला नको. त्या दिवशी एकही जनावर नदी ओलांडून पाण्याला गेलं नाही.

मी आणखी आठ दिवस राहिले. मग यजमानांना फोन केला आणि सांगितलं की गाडी पाऊस पडेपर्यंत इथेच ठेवते आहे. ते म्हणाले, "तो मिस्त्री खरंच म्हणाला होता, की बांधणारा गडी चांगला आहे?"

"शपथ."

"मग राहू दे."

घरी

दिवाळीनंतर तोडीची माणसं आली. मुकादमाच्या ट्रकामागून आमची पिकअप, भांडीकुंडी आणि दोन शेळ्या घेऊन. परतीच्या पावसाने आमच्या फाटकाशी गुडघाभर राड झाली होती. पिकअप घरापासून पन्नास पावलांवर रुतली. शहादेव पुढे-मागे करत होता आणि चाकं जागच्या जागी फिरत होती. आमचे यजमान काठी टेकत ओरडायला निघाले. मी त्यांना थांबवलं.

जाऊन खिडकीतून पाहिलं. लाल चिंधी दांड्याला घट्ट बांधलेली. माझ्या मुलखात ती सोडायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"शहादेव, इथं लावायचं," मी म्हणाले आणि चिंधी सोडली. तो हसला. गाडी एका दमात अंगणात आली.

परड्यात बंब सकाळपासून पेटवून ठेवला होता. दोघंही चिखलाने माखलेली. मी बादलीभर गरम पाणी काढून दिलं आणि स्वतः तांब्याने गयाबाईच्या पायांवर घातलं. ती "ताई, नका," म्हणत राहिली, मी घालत राहिले. पाय धुऊन झाले तरी अर्धी बादली उरली. ती बादली हातात धरून इकडेतिकडे बघत उभी राहिली. "ह्ये पाणी कुठं ठिवू?"

"म्हशीजवळ ठेव," मी म्हणाले. "आणि मग दोघं आत सोप्यात या. चहा टाकलाय."